गाणं वाजतंय, गायक गायब!

दोस्तांनो, कॉम्प्युटरला हेडफोन लावून गाणं सुरू केलं. तबला ऐकू येतोय, बासरीही येतेय, पण गाणाऱ्याचा आवाज मात्र विहिरीत पडल्यासारखा! कधी तर अजिबातच नाही. असं तुमच्याकडे झालंय का?

यात भूतबित काही नाही. हेडफोनची पिन हातात घेऊन नीट बघा. काळ्या पट्ट्यांनी तिचे भाग पाडलेले दिसतील. साध्या पिनेला दोन पट्ट्या, म्हणजे तीन भाग. टोकाचा भाग डाव्या कानासाठी, मधला उजव्यासाठी आणि बुडाचा भाग ही दोघांची परतीची वाट. पिन अर्धवट बसली की बुडाचा भाग टेकतच नाही. परतीची वाट बंद! मग डाव्या बाजूची वीज उजव्या बाजूतून जाऊ बघते आणि आपल्याला ऐकू येतो तो फक्त दोन बाजूंमधला फरक. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो. सारख्यातून सारखं वजा केलं तर उरतं काय? शून्य! आहे की नाही गंमत? आवाज कमी करा आणि पिन 'टक्' होईपर्यंत आत ढकला. गायक परत हजर.

पण काहीच ऐकू येत नसेल तर? आधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते शोधा. कॉम्प्युटर गाणं आकड्यांत साठवतो. सीडीवरच्या गाण्यात दर सेकंदाला एकेका बाजूसाठी ४४,१०० आकडे असतात! त्या आकड्यांची वीज करतं साउंड कार्ड आणि त्या विजेचा आवाज करतो स्पीकर. (१९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं 'साउंड ब्लास्टर' कार्ड आलं आणि खूप गाजलं. आता बहुधा हे काम मदरबोर्डवरचीच एक चिप करते.) तेव्हा स्पीकरची पिन काढून एखाद्या मोबाइलला किंवा रेडिओला लावा. वाजला? मग स्पीकर ठणठणीत आहे, गडबड कॉम्प्युटरकडे आहे. नाही वाजला? मग स्पीकरचा प्लग, बटण आणि वायर तपासा. नवे स्पीकर आणायला निघालेल्या आईबाबांना एवढी चाचणी होईपर्यंत जरूर थांबवा!

कॉम्प्युटरच्या मागे रंगीत सॉकेट असतात. स्पीकरचं हिरवं, माइकचं गुलाबी. घाईत पिन गुलाबीत गेली, की स्पीकर मुका.

पिन हिरव्यातच आहे? मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करा. मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडला असेल, तर कॉम्प्युटर कधीकधी आवाज मॉनिटरकडेच पाठवत बसतो. मग त्या मॉनिटरला स्पीकर असो वा नसो! यादीतून आपले स्पीकर निवडा. विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये साउंडच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह दिसलं, तर बहुधा ड्रायव्हर पुन्हा घालावा लागतो. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि साउंड कार्ड यांच्यातला दुभाषा. तो कॉम्प्युटरच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या, भलत्या ठिकाणाहून नको.

मागचं सॉकेट चालतं आणि पुढचं चालत नाही, अशीही तक्रार असते. पुढच्या सॉकेटची बारीक वायर कॅबिनेटच्या आत मदरबोर्डला जोडावी लागते, आणि जोडणी करताना ती कधी राहून जाते. ती बसवायची तर भिंतीतला प्लग आधी काढायचा आणि घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्यायचं. तोवर मागचं हिरवं सॉकेट आहेच!