घुग्घुसचं फाटक: इंग्रजांचे नियम, अमेरिकेचं लोखंड

घुग्घुसला फाटक पडलं की ट्रक, ऑटो, शाळेच्या बस सगळ्यांची रांग लागते आणि रांगेत रेल्वेवर चर्चा सुरू होते. त्या चर्चेत काही वाक्यं हमखास ऐकू येतात. आपली रेल्वे म्हणजे इंग्रज सोडून गेले तीच. अमेरिकेत फाटकावर असं कुणाला ताटकळावं लागत नाही. आणि लगेच त्याच्या उलट: अमेरिकेत रेल्वे कुठे उरलीय, तिकडे सगळे विमानानं नाहीतर मोटारीनं फिरतात. प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ती टिकून आहेत. पण ज्या गावाचं पोट कोळसा, सिमेंट आणि लोखंडाच्या मालगाड्यांवर चालतं, त्या गावानं तरी या गोष्टी नीट समजून घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं.

आधी ‘इंग्रजांची रेल्वे’ हे वाक्य घेऊ. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती चालवणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी इंग्रजांचीच होती. आपल्या भागात रेल्वे आली तीही त्यांच्याच काळात, 1870 च्या दशकात, वरोऱ्याच्या कोळशासाठी. पण रूळ मात्र इंग्लंडच्या मापाचे नाहीत. तिथे दोन रुळांतलं अंतर 1435 मिलिमीटर, आपल्याकडे 1676. आयर्लंडचं तिसरंच, 1600. अमेरिका आणि कॅनडानं मात्र इंग्लंडचं माप उचललं. त्यामुळे लंडनचा डबा शेजारच्या डब्लिनच्या रुळांवर बसत नाही, पण समुद्रापार शिकागोच्या रुळांवर बसतो.

फाटकावर उभं राहून कोळशाच्या वाघिणी जवळून पाहिल्या तर आणखी एक गोष्ट दिसेल. दोन वाघिणींच्या मधोमध एकच जाडजूड जोड असतो, दोन हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवावीत तसा. बाजूला गोल तबकड्यांचे बफर नसतात, साखळी नसते, फिरवायचा स्क्रूही नसतो. दोन वाघिणी एकमेकींवर हलकेच आदळल्या की जोड आपोआप लागतो. हा अमेरिकन जोड आहे. ईलाय जॅनी यांनी त्याचं पेटंट 1873 मध्ये घेतलं. त्याआधी अमेरिकेत दोन डब्यांच्या मधे उभं राहून हातानं खिळा अडकवावा लागे आणि त्यात कामगारांची बोटं, हात, कित्येकदा जीवही जात. 1893 च्या कायद्यानं आपोआप लागणारे जोड आणि हवेच्या दाबाचे ब्रेक तिथे सक्तीचे झाले. इंग्लंडमध्ये साखळी, स्क्रू आणि बफर पुढेही अनेक दशकं चालत राहिले.

ब्रेकचंही तसंच. आपण बराच काळ इंग्रजी व्हॅक्यूम ब्रेक वापरले. त्यात ब्रेक लावायला फक्त वातावरणाचा दाब मिळतो, त्यामुळे लांब आणि जड गाडीला तो कमी पडतो. 1980 च्या दशकात बॉक्सएन वाघिणी आल्या आणि त्यांच्याबरोबर हवेच्या दाबाचे ब्रेक कोळशाच्या वाहतुकीत रुळले. ही मुळात अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांची देणगी. ज्या डिझेल इंजिनानं अनेक वर्षं देशभर मालगाड्या ओढल्या, ते डब्ल्यूडीएम-2 अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावर वाराणसीत बनत होतं. आता तारेखाली धावणाऱ्या डब्ल्यूएजी-9 चं मूळ तंत्र स्वित्झर्लंडकडचं. नक्कल म्हणायची तर कुणाकुणाची म्हणणार?

गंमत म्हणजे खुद्द इंग्लंड आणि आयर्लंडही याला अपवाद नाहीत. ब्रिटनच्या मालगाड्यांपुढे आज सर्रास दिसणारं क्लास 66 इंजिन 1998 पासून कॅनडातल्या ओंटारिओमधून तिथे आलं. आयर्लंडनं तर 1960 च्या दशकापासूनच जनरल मोटर्सची इंजिनं घेतली.

मग इंग्रजांचं आपल्याकडे उरलं काय? उरली ती गाडी चालवायची शिस्त. तिची मुळं समजायची तर आयर्लंडमधल्या आर्मा गावाकडे पाहावं लागतं.

12 जून 1889 ला तिथून सहलीला निघालेल्या मुलामाणसांची खचाखच भरलेली गाडी चढावर अडकली. अर्धी गाडी पुढे नेऊन मग उरलेली आणू, असं ठरवून मागचे डबे सोडवले. पण ब्रेकची रचना अशी की डबे सुटल्याबरोबर त्यांचा ब्रेकही गेला. डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जीव गेले, त्यात कितीतरी मुलं होती. मागची गाडी तिथे आलीच कशी? कारण पहिली सुटल्यावर ठरावीक मिनिटं झाली की दुसरी सोडायची, पहिली पोचली की नाही हे पाहायचं नाही, अशी तेव्हाची रीत होती. त्याच वर्षी कायदा झाला. प्रवासी मार्गावर एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, सिग्नल आणि सांधे एकमेकांत कुलूपबंद, आणि गाडी तुटली तर सगळ्या डब्यांना आपोआप लागणारा ब्रेक, या तिन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या.

आपल्या स्टेशन मास्तरांच्या तोंडी असलेलं ‘लाईन क्लिअर’ हे याच शिस्तीचं. पुढच्या स्टेशननं संमती दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. एकेरी मार्गावर पूर्वी ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा दिला जाई आणि गोळा हातात नसेल तर गाडी हलवायची नाही, हा नियम. मालगाडीच्या शेवटी लावलेली एल-व्ही पाटी आणि रात्रीचा लाल दिवा शोभेसाठी नसतात. ती पाटी डोळ्यांनी पाहूनच मास्तर ठरवतो की अख्खी गाडी आली, मागे वाटेत काही राहिलं नाही.

अमेरिकेची वाट वेगळी पडली. तिथे अंतरं प्रचंड, मार्ग बहुतेक एकेरी, गाड्या विरळ. दर दहा मैलांवर मास्तर बसवणं परवडणारं नव्हतं. म्हणून शेकडो मैल दूर बसलेला डिस्पॅचर आधी तारेनं आणि पुढे रेडिओवरून हुकूम द्यायचा, घेणारा माणूस तो लिहून घ्यायचा आणि परत वाचून दाखवायचा. काही मार्गांवर आजही सिग्नलच नाहीत, गाडी अशा परवानगीवर चालते. याला निष्काळजीपणा म्हणणं चूक आहे, पण माणसाच्या चुकीला तिथे जागा जास्त राहिली हे खरं. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थला टक्कर होऊन 25 जण गेले. त्यानंतर ड्रायव्हर चुकला तरी गाडी थांबवणारी यंत्रणा तिथल्या मुख्य मार्गांवर कायद्यानं बसवावी लागली. आपलं ‘कवच’ त्याच जातीचं.

आता फाटक. आपल्याकडे महत्त्वाच्या फाटकांचं कुलूप सिग्नलशी बांधलेलं असतं. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल मिळत नाही, आणि गाडी पूर्ण गेल्याशिवाय कुलूप सुटत नाही. ब्रिटनमध्येही पूर्ण अडसराची बहुतेक फाटकं अशीच आहेत. साधा हिशेब करा. 58 वाघिणींचा रेक साडेसहाशे मीटरच्या आसपास. ताशी 20 किलोमीटरनं तो दोन मिनिटांत फाटक ओलांडतो. उरलेला सगळा वेळ सिग्नलच्या आधीच्या तयारीचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फाटकाचा आणि सिग्नलचा संबंधच नसतो. गाडी जवळ आली की रुळातल्या विजेच्या मंडलामुळे दिवे लुकलुकतात, अडसर पडतो. नियमानं गाडी येण्याआधी किमान 20 सेकंद सूचना मिळाली की पुरे. ड्रायव्हर दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा देत थेट येतो. वाटेत मोटार अडकली असेल तर गाडीला थांबवणारा सिग्नल नसतो. आपल्या फाटकावरची ती जास्तीची मिनिटं कुणाच्या तरी जिवासाठी आहेत.

म्हणून अमेरिकेत ताटकळावं लागत नाही, असं नाही. तिथल्या मालगाड्या दोन-तीन किलोमीटर लांब असतात आणि कधीकधी फाटकावरच उभ्या राहतात. ओहायो राज्यानं पाच मिनिटांहून जास्त रस्ता अडवला तर दंड असा कायदा केला होता. रेल्वे हा केंद्राचा विषय म्हणून 2022 मध्ये त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयानं तो लागू होत नाही असं ठरवलं, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये त्यात हात घालायला नकार दिला.

अमेरिकेत रेल्वे संपली, हा समजही अर्धवटच. संपत आली ती लांब पल्ल्याची प्रवासी वाहतूक, म्हणून 1971 मध्ये अॅमट्रॅक ही संस्था काढावी लागली. मालवाहतूक मात्र जोरात आहे. रूळ युनियन पॅसिफिक, बीएनएसएफ यांसारख्या खासगी कंपन्यांच्या मालकीचे आणि प्रवासी गाडी बहुतेक ठिकाणी त्यांची पाहुणी. ब्रिटनमध्ये उलट. रूळ नेटवर्क रेल या सरकारी संस्थेचे, वेळापत्रकावर राज्य प्रवाशांचं आणि मालगाडीला मिळेल त्या फटीतून जायचं. आयर्लंडमध्ये मालगाड्या मोजक्याच. आपण दोन्हीकडे पाय ठेवून आहोत. रूळ एकाच सरकारी रेल्वेचे, त्यांवर पॅसेंजरही धावते आणि कोळसाही. प्रवासी भाड्याची तूट भरून निघते ती मालाच्या भाड्यातून, आणि त्या मालात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. वणी परिसरातल्या खाणींचा कोळसा भरून निघालेला प्रत्येक रेक कुणाच्या तरी स्वस्त तिकिटाचा भार उचलत असतो. हे घुग्घुसच्या धुळीबद्दल बोलताना सांगितलं जात नाही, सांगितलं पाहिजे.

कोळशातही फरक आहेच. ब्रिटननं आपलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र, रॅटक्लिफचं, 30 सप्टेंबर 2024 ला बंद केलं. अमेरिकेतली कोळशाची वाघीण एका आसावर 32 टनांहून जास्त भार घेते, आपली सर्वसाधारण बॉक्सएन 23 टनांच्या आसपास. तिथल्या वाघिणीच्या एका टोकाचा जोड फिरता असतो, त्यामुळे गाडी न तोडता एकेक वाघीण उलटी करून कोळसा ओततात. आपल्याकडे टिपलरवर आधी वाघीण सोडवावी लागते, उलटी करावी लागते, मग पुन्हा जोडावी लागते. रेक अडकून पडतो तो इथे.

लांबीची स्पर्धा आपल्याकडेही सुरू झाली आहे. 15 ऑगस्ट 2022 ला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेनं कोरब्याहून राजनांदगावला ‘सुपर वासुकी’ चालवली. 295 वाघिणी, सहा इंजिनं, साडेतीन किलोमीटर लांबी, सुमारे 27,000 टन कोळसा. अशी गाडी ताशी 25 किलोमीटरनं फाटक ओलांडायला आठ मिनिटांहून जास्त घेते, आणि कुलूपबंद फाटकाची आधीची मिनिटं त्यात आणखी धरायची. गाड्या अमेरिकेच्या लांबीच्या होणार असतील, तर रस्ते रुळांच्या वरून किंवा खालून न्यावे लागतील. तो खर्च कोळशाच्या भाड्यातून आधी बाजूला काढून ठेवावा, ही मागणी खाणपट्ट्यातल्या प्रत्येक गावाची असली पाहिजे.