आरोपी पोलीस असेल तेव्हा

कोठडीत कुणाला मारहाण झाल्याची बातमी आली, की रेणापूरच्या बसस्थानकावर असो की लातूरच्या कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'पोलिसाला तर डबल शिक्षा पाहिजे.' ही मागणी नवी नाही. आपल्या कायद्यात ती काही ठिकाणी मान्यही झालेली आहे. ती ठिकाणं कोणती आणि तिथवर खटला पोचतो कसा, हे पाहू.

आधी मारहाणीचं. भांडणात कुणी कुणाला साधी दुखापत केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 115 खाली जास्तीत जास्त 1 वर्षाची कैद होते. तीच दुखापत कबुली काढून घेण्यासाठी केली, तर कलम 120 लागतं आणि कमाल शिक्षा 7 वर्षांवर जाते. दुखापत गंभीर असेल तर 10 वर्षांवर. हे जुन्या दंड संहितेतलं कलम 330 आणि 331. कलमाच्या शब्दांत 'पोलीस' कुठेच नाही, ते कुणालाही लागू होतं. पण 1860 साली ते लिहिणाऱ्यांनी खाली जे पहिलं उदाहरण दिलं, ते कबुलीसाठी छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं! इंग्रजांना आपलं खातं चांगलंच माहीत होतं म्हणायचं.

पैशाच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. सोपवलेल्या मालाचा सामान्य माणसाने अपहार केला तर 5 वर्षांपर्यंत कैद. लोकसेवकाने केला, मग तो तलाठी असो की ठाण्यातला मुद्देमाल सांभाळणारा हवालदार, तर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे ज्याच्या हाती विश्वासाने काही सोपवलं, त्याचा गुन्हा मोठा, हे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

पोलिसांसाठी नाव घेऊन जास्त शिक्षा आली ती मात्र महाराष्ट्रातल्याच एका खटल्यामुळे. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. आरोपी होते एक हेड कॉन्स्टेबल आणि एक शिपाई. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये दोषी धरून शिपायाला 5 वर्षं आणि हेड कॉन्स्टेबलला 1 वर्ष दिलं. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा निर्दोष ठरवलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, अशी कारणं देण्यात आली. रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, वर्दीतल्या माणसासमोर एका गरीब मुलीने किती ओरडायला हवं होतं, हे कुणी विचारलं नाही. ते विचारलं 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चौघांनी, सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

त्या बदलात दोन गोष्टी होत्या. एक, बलात्काराची किमान शिक्षा सामान्य आरोपीला 7 वर्षं, तर आपल्या ठाण्याच्या आवारात किंवा ताब्यातल्या बाईवर अत्याचार करणाऱ्या पोलिसाला 10 वर्षं. दुसरी, पुरावा कायद्यातलं कलम 114अ: अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. पहिल्या बदलाची चर्चा जास्त झाली. पण 2018 मध्ये सामान्य आरोपीचीही किमान शिक्षा 10 वर्षांवर गेली आणि किमान शिक्षेतला फरक पुसला गेला. आता उरलाय तो एवढाच, की पोलिसाची जन्मठेप नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंतची असू शकते. दुसरा बदल मात्र आजही टिकून आहे आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे. शिक्षेची वर्षं वाढवणं सोपं असतं. बंद खोलीत काय घडलं हे शाबित करणं अवघड.

कोठडीतल्या मारहाणीला असं गृहीतक नाही. ताब्यातल्या माणसाला इजा झाली तर ती पोलिसांनी केली असं न्यायालयाला धरता यावं, अशी शिफारस विधी आयोगाने 1985 मध्ये आपल्या 113 व्या अहवालात केली. 2023 च्या नव्या पुरावा कायद्यातही ती आली नाही. तिच्यावाचून काय होतं ते नागपूरच्या एका प्रकरणात दिसलं. 1993 मध्ये संशयावरून उचललेला माणूस कोठडीत दगावला. खुनाचा आरोप टिकला नाही. कबुलीसाठी मारहाण केल्याबद्दल पोलिसांना 3 वर्षं झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती 7 वर्षं केली, म्हणजे कलमात असलेली सगळी. न्यायालयाने कडकपणा दाखवला यात शंका नाही. पण मधे 25 वर्षं गेली होती.

सर्वोच्च न्यायालय याहून पुढेही गेलेलं आहे. मुंबईत 2006 मध्ये रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला खोट्या चकमकीत मारल्याच्या खटल्यात, आरोपी पोलिसांचा जामीन रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवताना 2011 मध्ये न्यायालय म्हणालं, की सामान्य माणसाला सामान्य शिक्षा, पण पोलिसाने गुन्हा केला तर कितीतरी कडक, कारण तो आपल्या कर्तव्याच्या नेमकं उलट वागतो. खोट्या चकमकीला तर फाशीच हवी, असंही ते म्हणालं. प्रत्यक्षात 2013 मध्ये सत्र न्यायालयाने दोषी पोलिसांना जन्मठेप दिली. फाशीला माझा विरोध आहे, त्यामुळे मला ते बरंच वाटलं. खटकलं ते पुढचं: 2015 मध्ये राज्य सरकारने त्यातल्या 11 पोलिसांची शिक्षा स्थगित केली. उच्च न्यायालयाने तो आदेश नंतर रद्द केला.

सरकारचा हात खटल्याच्या सुरुवातीलाही असतो. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकावर खटला चालवायला बऱ्याचदा मंजुरी लागते. परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस 2003 मध्ये मुंबई पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. सीआयडीने 14 पोलिसांवर खटल्याची मंजुरी मागितली. सरकारने चौघांपुरतीच दिली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 मध्ये एक सुधारणा आहे: 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. लैंगिक गुन्ह्यांना मंजुरी लागतच नाही.

पोलिसांचंही एक म्हणणं आहे आणि ते ऐकायला हवं. दोषी ठरलेल्या शिपायाला वेगळी चौकशी न करता बडतर्फ करता येतं. नोकरी जाते, पेन्शन जातं, तुरुंगात त्यानेच पकडलेले लोक भेटतात. मग ही दुहेरी शिक्षा नाही का? आहे. पण बडतर्फी ही खात्याची सफाई आहे, मार खाल्लेल्या माणसाला मिळालेला न्याय नव्हे. निलंबन तर शिक्षाच नव्हे, निम्म्या पगारावरची वाट पाहणं आहे.

आता समजा, रेणापूरच्या हद्दीत असं काही घडलं. लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली हे चारही जिल्हे पोलिसांच्या नांदेड परिक्षेत्रात येतात, म्हणजे तक्रार ज्यांच्याकडे जायची ते आरोपीचेच वरिष्ठ. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी सक्तीची आहे. परभणीत 15 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला, तेव्हा ती चौकशी झाली. तरी गुन्हा नोंदवण्यासाठी त्यांच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. 4 जुलै 2025 ला खंडपीठाने आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे हरलं.

मृत्यू झाला नसेल, तर जखमेची नोंद हाच पुरावा. ताब्यात असलेल्या माणसाची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असं सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात 1996 मध्येच सांगितलंय. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं केल्यावर 'मारलं का?' या प्रश्नाचं उत्तर तिथेच, पोलिसांच्या देखत, द्यावं लागतं. बरेच जण तिथे गप्प राहतात आणि प्रकरण तिथेच मरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या आदेशानुसार ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण 18 महिने, आणि ते जमलंच नाही तर निदान एक वर्ष, जपून ठेवायचं आहे. नातेवाइकांनी पहिल्याच आठवड्यात तारीख आणि वेळ घालून ते जपण्याचा अर्ज द्यावा, एक प्रत पोलीस अधीक्षकांना, एक न्यायालयात, आणि प्रत्येकीवर पोच घ्यावी.