कळलावी आणि गाउटची वेदना

श्रावणांत कोंकणच्या कुंपणांवर ज्वाळेसारखीं फुलें धारण करणारी कळलावी पुष्कळांनीं पाहिलेली असते. प्रसूतीच्या कळा लवकर याव्यात म्हणून तिचा कंद पूर्वीं योजीत, त्यावरून हें नांव पडलें. ह्या कंदांत व बियांत कॉल्चिसीन नांवाचें द्रव्य असतें. तेंच काश्मिरांत होणाऱ्या कडू सुरंजानांतही आढळतें. सांध्यांच्या एका विशिष्ट दुखण्यावरील त्याचा गुण फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. ६ व्या शतकांतील ग्रीक वैद्य ट्रॅलिसचा अलेक्झांडर हा सुरंजानाच्या जातीचा कंद देत असे. पुढें १८२० सालीं पेलेत्ये व काव्हांतू ह्या फ्रेंच रसायनज्ञांनीं अशा कंदांतील सत्त्व वेगळें केलें. क्विनाइनही ह्याच जोडीनें त्याच वर्षीं काढिलें.

हें दुखणें म्हणजे गाउट. आयुर्वेदांतील वातरक्ताशीं तें मिळतेंजुळतें आहे. रक्तांत यूरिक आम्ल वाढून त्याचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक सांध्यांत, बहुधा पायाच्या आंगठ्याच्या मुळाशीं, सांचतात. पांढऱ्या रक्तपेशी त्यांना शत्रु समजून धांवून येतात, आणि एका रात्रींत सांधा असा सुजतो कीं अंगावरील चादरीचा स्पर्शही सोसवत नाहीं. कॉल्चिसीन ह्या पेशींच्या आंतील सूक्ष्म नळ्यांची जुळणी रोखतें. त्यामुळें त्यांची धांव मंदावते व दाह उतरतो. आम्ल मात्र त्यानें कमी होत नाहीं. म्हातारपणीं झिजलेल्या गुडघ्यासाठीं त्याचा भरंवसा धरणेंही व्यर्थ होय.

खरी अडचण मात्रेची आहे. रोग्याला जुलाब लागेपर्यंत तासातासाला औषध द्यावें, अशी दीर्घकाळ वहिवाट होती! २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत, तासाभरांत दिलेल्या १.८ मिलिग्रॅमनें सहा तासांत दिलेल्या ४.८ मिलिग्रॅमइतकाच आराम पडला आणि जुलाबांचा त्रास पुष्कळ कमी झाला. गुणकारी व विषारी मात्रांतील अंतर इतकें थोडें, कीं मूत्रपिंडें अधू असल्यास नेहमींची गोळीही बाधूं शकते.

मग घरीं उगाळलेल्या कंदाचें काय सांगावें? कोणत्या कंदांत किती विष, हें डोळ्यांना कळत नाहीं. रताळें समजून तो शिजवून खाल्लेलीं माणसें श्रीलंकेंत दगावलेलीं आहेत. प्रथम ओकाऱ्या व जुलाब होतात. पुढें एकदोन दिवसांत अस्थिमज्जा, हृदय व मूत्रपिंडें यांवर आघात होतो. नेहमींच्या रुग्णालयांत ह्या विषावर उतारा नसतो. म्हणून कंद पोटांत गेल्याचा नुसता संशय आला तरी तत्काळ रुग्णालय गांठावें, ओकारीची वाट पाहूं नये.

तमिळनाडूंत ह्या वेलीची शेती होते. तिचें बी कारखान्यांकडे जातें, आणि त्यांतील सत्त्व अर्ध्या मिलिग्रॅमच्या मोजक्या गोळ्यांच्या रूपानें औषधाच्या दुकानांत येतें.