कॉफीची चव कुठे ठरते: डोंगर, खळं आणि किनाऱ्यावरचा वारा

रे रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की दारूखाना लागतो. भंगाराचं लोखंड, जहाजांचे सुटे भाग, लाकडाच्या वखारी आणि त्यांच्या पलीकडे बंदराची जुनी गोदामं. पावसाळ्यात इथल्या हवेत इतका ओलावा असतो की डब्यातल्या मिठाचा गोळा होतो आणि पापड तासाभरात सादळतात. कुठलाही जाणता कॉफीवाला आपला माल अशा हवेपासून जिवापाड जपतो. आणि तरीही जगाच्या बाजारात भारताची ओळख सांगणारी एक कॉफी याच पश्चिम किनाऱ्यावर, अशाच हवेत तयार होते. म्हणून कॉफीच्या चवीची गोष्ट मी डोंगराआधी बंदरापासून सांगतो.

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाला. त्याआधी मलबार किनाऱ्यावरची कॉफी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायची. प्रवास चार-सहा महिन्यांचा. लाकडी जहाजाच्या तळाशी रचलेल्या गोण्यांना सतत दमट, खारी हवा लागायची. बिया ओलावा शोषून फुगायच्या, त्यांचा हिरवट रंग जाऊन फिका पिवळा यायचा. आंबटपणा जवळजवळ नाहीसा व्हायचा आणि कॉफी दाट, मातकट, मसालेदार लागायची. उत्तर युरोपातल्या लोकांच्या जिभेला हीच चव पडली. मग आगबोटी आल्या, कालव्याने वाट तोडली, आणि ताजी हिरवी कॉफी लवकर पोहोचू लागली. ती पिऊन गिऱ्हाईक म्हणू लागलं की ही आमची कॉफी नाही.

तेव्हा जहाजात आपोआप घडणारी गोष्ट किनाऱ्यावर मुद्दाम घडवायची, असं व्यापाऱ्यांनी ठरवलं. त्याची रीत आजही तशीच आहे. फळासकट उन्हात वाळवून मग सोललेली अरेबिका निवडायची. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की मंगळुरूसारख्या ठिकाणी, बाजूंनी उघड्या असलेल्या गोदामांत ती चार ते सहा इंच जाडीच्या थरात पसरायची आणि पावड्याने पुन्हा पुन्हा खालीवर करायची. काही दिवसांनी ती सैल गोण्यांत भरून, मधून वारा खेळेल अशा रांगा लावायच्या. ठरावीक दिवसांनी गोण्या रिकाम्या करून पुन्हा भरायच्या, म्हणजे कुठेही बुरशी धरत नाही. हे तीन-चार महिने चालतं. शेवटी न फुगलेल्या बिया हाताने वेचून काढतात. या ‘मॉन्सून्ड मलबार’ कॉफीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

मग मुंबईतल्या कुठल्याही ओलसर गोदामात ठेवलेली कॉफी अशीच का होत नाही? कारण ओलावा एकटा पुरत नाही. त्याच्याबरोबर खेळता वारा लागतो, पातळ थर लागतो, रोजची हलवाहलव लागते. बंद गोदामात रचून ठेवलेल्या कच्च्या कॉफीत ओलावा शिरला की ती नुसती कुजकट होते. कच्च्या बीमध्ये साधारण दहा ते बारा टक्के पाणी असावं. त्यावर गेलं की बुरशीचा धोका, फार खाली गेलं की सुगंध मरतो. भाजलेली कॉफी तर त्याहून नाजूक, कारण भाजताना तिच्यातलं पाणी जवळजवळ उडून गेलेलं असतं आणि हवेतलं पाणी ती आधाशासारखं ओढून घेते. हीच हवा एका कॉफीला घडवते आणि दुसरीला बिघडवते.

आता डोंगरावर जाऊ. सूफी संत बाबा बुडन यांनी हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि १६७० च्या सुमारास चिकमगळूरजवळच्या डोंगरात रुजवल्या, असं सांगतात. त्या डोंगराला आज बाबाबुडनगिरी म्हणतात. तिथली अरेबिका साधारण १००० ते १५०० मीटर उंचीवर होते. उंची इतकी महत्त्वाची का, याचं उत्तर थंडीत आहे. गार हवेत फळ सावकाश पिकतं, बीला साखर आणि आम्लं साठवायला वेळ मिळतो, बी घट्ट आणि जड होते. भाजताना हाच साठा सुगंधात बदलतो. देवगडचा हापूस आणि घाटावरचा हापूस यांत जात एकच असून चव वेगळी का, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल.

अरेबिकाला १५ ते २५ अंश तापमान मानवतं. कॉफीचा दुसरा मुख्य प्रकार म्हणजे रोबस्टा; ती ५०० ते १००० मीटरवर, २० ते ३० अंशांतही जोमाने वाढते. रोबस्टात कॅफीन जवळजवळ दुप्पट असतं, म्हणजे अरेबिकातल्या सव्वा टक्क्याच्या जागी सव्वादोन टक्के, आणि साखर कमी. म्हणून ती कडू, जाड, मातीसारखी लागते. भारतात पिकणाऱ्या कॉफीतला मोठा वाटा रोबस्टाचाच आहे. रोबस्टा म्हणजे हलका माल, ही समजूत मात्र सोडायला हवी. वायनाडची नीट धुऊन वाळवलेली रोबस्टा मऊ असते, तिला चॉकलेटची हलकी छटा असते, आणि दुधात तिचा कणा टिकतो तसा अरेबिकाचा टिकत नाही.

पाऊस किती पडतो याइतकंच तो कधी पडतो हेही मोलाचं. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत झुडपं पांढऱ्याशुभ्र, मोगऱ्यासारख्या वासाच्या फुलांनी भरून जातात. फुलं तीन-चार दिवसच टिकतात. त्यानंतर पुढची सर वेळेवर आली तरच फळ धरतं. अरेबिकाचं फळ पिकायला आठ-नऊ महिने लागतात, रोबस्टाला त्याहून थोडे जास्त. तोडणीच्या दिवसांत अवेळी पाऊस आला तर खळ्यावर वाळत घातलेला माल भिजतो, आणि वर्षभराचा जीव ओतून वाढवलेल्या कॉफीला कुबट वास येतो.

आपल्याकडच्या बागांचं एक वैशिष्ट्य जगात थोड्या ठिकाणी आढळतं: कॉफी सावलीत वाढते. वर सिल्व्हर ओक, पांगारा, फणस. त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल. मधे कुठे वेलची, कुठे संत्रं. सावलीने ऊन गाळून येतं, पालापाचोळ्याने माती ओलसर राहते, फळ घाईने पिकत नाही. शेजारच्या मिरीमुळे कॉफीत मसाल्याचा वास उतरतो असं विक्रेते सांगतात. मला ते फारसं पटत नाही. सावकाश पिकणं आणि बियाण्याची जात ही कारणं पुरेशी आहेत.

जातीचं म्हणाल तर तांबेऱ्याने हा सगळा इतिहास बदलला. या बुरशीने १८६९ नंतर सिलोनच्या कॉफीची वाताहत केली आणि तिथे चहा आला. भारतात तांबेऱ्याला टिकणाऱ्या जाती शोधल्या गेल्या. चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५ पासून संशोधन केंद्र आहे. तिथे १९४० च्या दशकात तयार झालेली ‘एस. ७९५’ ही जात आजही आपल्या अरेबिकाचा आधार आहे. संतुलित, मध्यम आंबट, गोडसर. ‘सिलेक्शन ९’ मध्ये इथिओपियाचं रक्त आहे आणि ते तिच्या फुलासारख्या सुगंधात कळतं.

आता शेजारी शेजारी ठेवून पाहू. इथिओपियाचं यिर्गाशेफे १७०० मीटरच्या वर होतं. धुतलेलं असेल तर लिंबू आणि मोगऱ्याची आठवण देतं, अंगाने चहासारखं पातळ. केनियाची कॉफी ठसठशीत आंबट, रसदार. जमैकाची ब्लू माउंटन सौम्य, कुठलीच बाजू पुढे न करणारी. तिच्या किमतीत नावाचा वाटा बराच आहे असं माझं मत. बाबाबुडनगिरीची अरेबिका दाट, कमी आंबट, चॉकलेटकडे झुकणारी. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात ९०० ते ११०० मीटरवर आदिवासी शेतकरी लहान तुकड्यांत कॉफी घेतात; ती अधिक उजळ आणि फळाच्या चवीची. कूर्ग, वायनाड, चिकमगळूर, अराकू आणि बाबाबुडनगिरी या पाचही कॉफींना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

उंचीचा आकडा एकटा वाचू नये. हवाई बेटांवरचं कोना जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर आहे आणि तिथली नावाजलेली कॉफी हजार मीटरच्या खालीच होते. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितकी कमी उंचीवर गारवा मिळतो. म्हणूनच अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा, २१ अंश उत्तरेला आणि सुमारे ११०० मीटरवर, कॉफीला जमतं. महाराष्ट्रात कॉफीसाठी नाव निघतं ते मेळघाटातल्या या गावाचंच. तिथला माल थोडा असतो. पण कॉफी म्हणजे फक्त दक्षिणेचं पीक, असं मानणाऱ्याने गाविलगडाच्या वाटेवरची ही झुडपं एकदा पाहावीत.

बाजारातली नावं समजली की निम्मं काम झालं. रे रोडहून हार्बरने वडाळा आणि तिथून अंधेरीकडच्या फाट्यावर पुढचंच स्टेशन किंग्ज सर्कल. उतरलं की माटुंग्याची कॉफी दळून देणारी दुकानं. तिथे ‘प्लांटेशन’ म्हणजे फळाचा गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली अरेबिका; चव स्वच्छ, आंबटपणा स्पष्ट. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली; गोडसर, जड. धुतलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’ म्हणतात. त्यापुढची ‘एए’, ‘ए’, ‘बी’ ही अक्षरं चाळणीची, म्हणजे बीच्या आकाराची आहेत. चवीची हमी त्यांत नाही. ‘पीबी’ म्हणजे पीबेरी: फळात दोनऐवजी एकच गोल बी. ती एकसारखी भाजली जाते हा तिचा खरा गुण. चिकोरी मिसळलेल्या पुड्यावर तिचं प्रमाण छापलेलं असतं. कायद्याने कॉफी किमान ५१ टक्के हवीच. चिकोरी वाईट नाही, ती डिकॉक्शनला रंग आणि दाटपणा देते. पण डोंगराडोंगरातला फरक चाखायचा असेल तर ती बाजूला ठेवा.

घरी चाखायची रीत सोपी आहे. तीन सारख्या वाट्या घ्या. प्रत्येकीत ११-१२ ग्रॅम जाडसर दळलेली वेगवेगळी कॉफी आणि उकळी शांत झाल्यावरचं २०० मिलिलिटर पाणी घाला. चार मिनिटं ढवळू नका. मग चमच्याने वरची साय मोडा, नाक जवळ नेऊन वास घ्या, फेस काढून टाका. दहा मिनिटांनी चमच्याने आवाज करत ओढून प्या, आणि गार होत जाईल तशी पुन्हा पुन्हा प्या. गरम असताना सगळ्या कॉफ्या सारख्याच वाटतात. कोमट झाल्यावर त्या आपापलं गाव सांगू लागतात. अराकू, बाबाबुडनगिरी आणि मॉन्सून्ड मलबार या तिघी पहिल्या खेपेला एकत्र ठेवा. फरक कळायला जाणकार असावं लागत नाही.

माझा कौल असा: दुधाच्या फिल्टर कॉफीसाठी प्लांटेशन ए किंवा पीबीमध्ये थोडी धुतलेली रोबस्टा; कोऱ्या कॉफीसाठी धुतलेली अराकू किंवा सिलेक्शन ९; ज्यांना आंबटपणा सोसत नाही त्यांनी मॉन्सून्ड मलबार. पावसाळ्यात एका वेळी दोनशे ग्रॅमहून जास्त घेऊ नका, हवाबंद डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको. आणि दुकानदाराला चार गोष्टी जरूर विचारा: कुठल्या डोंगराची, किती उंचीवरची, धुतलेली की फळासकट वाळवलेली, आणि भाजली कधी. आपल्याकडे पिकणाऱ्या कॉफीतला मोठा भाग परदेशी जातो. हे प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक इथे वाढलं, तर त्यातला चांगला माल इथेही राहील.