लेणी राहिली, गाव पाहिले

आमचे धनज वाशीम जिल्ह्यातले, कारंजा तालुक्यातले. कापूस-तुरीचा मुलूख. तिथे समुद्र म्हणजे पोथीतलाच! सत्तरी उलटलेली माझी आई गेल्या हिवाळ्यात मुंबईला माझ्याकडे आली, तेव्हा म्हटले, चला, हिला घारापुरीची त्रिमूर्ती दाखवू.

गेटवेहून तासाभराचा प्रवास. लाँच हलली तसे आईने माझे मनगट जे धरले, ते बेट येईपर्यंत सोडले नाही. "एवढं पानी, अन् पेता येत नाही," एवढेच वाटेत बोलली. वऱ्हाडातल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. विसाव्या पायरीलाच आईचे गुडघे बोलू लागले. डोलीवाले पुढे आले. मी भाव ठरवतो आहे तोच ती कडाडली, "जित्तेपनी मानसाच्या खांद्यावर बसू काय मी?"

झाले! त्रिमूर्ती राहिली.

शेजारच्या दुकानातल्या बाईने स्टूल पुढे केले. तिच्याकडे माळा, शंख आणि दगडाचे हत्ती. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तो अस्सल हत्ती मात्र इथे नाहीच. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो मोडला. पुढे जोडला गेला आणि आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात उभा आहे.

बाई मोराबंदरची. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या या बेटावर आहेत. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई आणि इथे संध्याकाळी जनरेटरचा काही तासांचा उजेड, मग अंधार! समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये.

"थोरलीच्या वेळी रात्री कंदील धरून मला होडीत घातलं होतं, मावशी," बाई सांगत होती. "आता घरात फ्रिज आहे, मासळी टिकते. दुखणाईताला मात्र अजून होडीच."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडे तारा कवाच्याच आल्या वं. पन ओलिताची लाइन रातची ये. याचे बाबा मोटर चालू कराले अंधारात जात. त्याच वाटेवर त्यायले पान लागलं."

बाबांना जाऊन अकरा वर्षे झाली. ही गोष्ट आईने आपणहून कोणापाशी काढलेली मी कधी ऐकली नव्हती.

बाईने तिच्या हातावर हात ठेवला. दोघी तशाच बसून राहिल्या. गिऱ्हाईक आले आणि भाव विचारून निघूनही गेले.

मुक्कामाला पाहुण्यांना मनाई, तेव्हा शेवटची लाँच गाठणे भाग होते. निघताना आईने एक हत्ती घेतला, तोही घासाघीस न करता! आयुष्यात प्रथमच.

परतताना तिने माझे मनगट धरले नाही. मुंबई जवळ येत होती, पण ती मागेच तोंड करून बसली होती.

"लाइट लागले काय रे तिकडं?"

डोंगराच्या पायथ्याशी दोन-तीन ठिपके दिसू लागले होते. मी तिला बोटाने दाखवले.