स्वीडिश रंगांचे आजोळ

रंग डोळ्यांना दिसतो. पण त्याचे नाव कोठून आले, हे आपण क्वचितच विचारतो. भाषाशास्त्राचा थोडाफार परिचय झाल्यापासून मला या प्रश्नाची गोडी लागली. स्वीडिश ही उत्तर युरोपातील भाषा. तिचा आपल्याशी काय संबंध, असे कुणीही म्हणेल. पण तिच्या रंगनामांत डोकावले की आपलेच आप्त भेटतात!

स्वीडिशमध्ये तांबड्याला 'रोद' म्हणतात. त्याचे व आपल्या 'रुधिर' शब्दाचे मूळ एकच. पांढरा तो 'वीत'. संस्कृत 'श्वेत' त्याचा भाऊ. पिवळा 'गुल' आणि सोने 'गुल्द'. संस्कृत 'हिरण्य' याच घराण्यातले. हे शब्द कुणी कुणाकडून उसने घेतले नाहीत. इंडो-युरोपीय भाषाकुलाचा तो सामाईक वारसा आहे. हिरवा 'ग्रोन' हा उगवणे या अर्थाच्या 'ग्रु' क्रियापदाच्या नात्यातला. शेतकऱ्याच्या मुलाला हे लगेच पटते. 'ब्लो' म्हणजे निळा. पण जुन्या नॉर्स भाषेत त्याचे पूर्वरूप डोमकावळ्याच्या काळ्याभोर रंगालाही लावीत.

दुसरा गट उसन्या शब्दांचा. नारिंगी रंगाला स्वीडिशमध्ये 'ब्रांदगुल', म्हणजे आगीसारखा पिवळा, असा घरचा शब्द होता. पुढे फ्रेंचमधून 'ओरान्श' आला आणि घरचा शब्द मागे पडला. हा पाहुणा मूळचा कुठला? फ्रेंचच्या मागे अरबी, अरबीच्या मागे फारसी आणि फारसीच्या मागे संस्कृत 'नारङ्ग'! तोही संस्कृतात द्राविडी भाषांतून आला, असे अभ्यासक मानतात. फिक्या जांभळ्या रंगाचा 'लीला' हा शब्दही जर्मन, फ्रेंच, अरबी, फारसी अशा वाटेने मागे नेला, तर आपल्या 'नील'पाशी पोहोचतो.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. घरी आम्ही 'तांबडा' म्हणतो. इथे काहींना तो गावंढळ वाटतो, 'लाल' शिष्ट वाटतो. वास्तविक 'तांबडा' संस्कृत 'ताम्र'पासून, म्हणजे तांब्यावरून आला, आणि 'लाल' फारसीतून. पण म्हणून 'लाल'ला हाकलावे असे मला वाटत नाही. 'ओरान्श'ला स्वीडनने सामावून घेतलेच ना? मात्र पाहुण्याला पाट मांडताना घरच्याला उठवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. शब्दाची प्रतिष्ठा त्याच्या कुळावर ठरत नाही. तो किती माणसांच्या उपयोगी पडला, यावर ठरते.