घरातल्या महागड्या सायकली विकायच्या आहेत? लॉटचा भाव ऐकण्याआधी हे वाचा

कमिशनवर दुसऱ्याचा माल विकण्याचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, काकांचे कॅमेरे आहेत", "आजोबांची हार्मोनियम आहे", "भावाच्या सायकली आहेत, विकायच्या कशा?" सायकलीवर मी हक्काने बोलू शकतो, कारण माझ्या नाशिकच्या मामांच्या सात सायकली आणि दोन कपाटं भरून सुटे भाग मी मामींसाठी विकून दिले. माझं मनमाडचं दुकान हार्डवेअरचं आहे, सायकलचं नाही. तरी जमलं. कसं जमलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. मामा गेल्यावर दोन महिन्यांनी एक जण घरी येऊन "सगळ्याचे मिळून ९०,००० देतो, आत्ता टेम्पो आणतो" म्हणाला. मामींना ते बरंच वाटलं. खोली रिकामी होणार, कटकट संपणार. तो माणूस लबाड होता असं मी म्हणत नाही. लॉट घेणारा प्रत्येक वस्तूत काय खोट निघेल याचा धोका स्वतःवर घेतो, जागा अडवतो, महिनोन्महिने विकत बसतो, आणि या सगळ्याची किंमत तुमच्या भावातून कापतो. ते काम आपण केलं तर तो फरक घरात राहतो. नंतर त्या सातांपैकी एकच सायकल लॉटच्या पूर्ण भावापेक्षा जास्तीला गेली.

अशी कलेक्शन्स आपल्या भागात निघतात याचं नवल नको. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेतली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. त्यानंतर नाशिकमध्ये डॉक्टर, वकील, बँकवाले, कारखानदार अशा कितीतरी लोकांनी लाखालाखाच्या सायकली घेतल्या. दरवर्षी नाशिकहून पंढरपूरची सायकल वारी निघते. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या बीआरएम राइड्स होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, रात्री दिवा आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं. म्हणजे सायकलीबरोबर दिवे, बॅगा, चाकं असा सगळा पसारा घरात येतो. माणसाचे गुडघे दुखायला लागतात किंवा माणूस जातो, आणि पसारा घरच्यांच्या गळ्यात पडतो. त्यांना त्यातलं काहीच कळत नसतं.

माल कोणाचा, हे आधी

भाचा आहे म्हणून माल उचलून आणायचा नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, हे सगळे वारस असतात. सायकलसुद्धा मालमत्ताच. मामींबरोबर त्यांच्या मुलाची आणि मुलीची लेखी संमती घेतली. मामी म्हणाल्या, "घरातल्या घरात काय लिहायचं रे?" मी म्हटलं, घरातलं आहे म्हणूनच लिहायचं. बाहेरच्या गिऱ्हाइकाशी बिनसलं तर एक गिऱ्हाईक जातं, इथे दिवाळीला कोणाच्या घरी जायचं हा प्रश्न असतो.

त्या कागदावर काय होतं? कोणती वस्तू विकायची नाही (मुलाला वडिलांची पहिली रेसिंग सायकल ठेवायची होती, हे विचारलं म्हणून कळलं). प्रत्येक वस्तूचा किमान भाव, त्याखाली जायचं असेल तर फोन करून होकार घ्यायचा. माझं कमिशन १२ टक्के. दुरुस्ती आणि वाहतुकीचा खर्च पावतीप्रमाणे वेगळा. पैसे थेट मामींच्या खात्यात.

कमिशन घ्यायला लाजू नका. फुकट करणारा माणूस दुसऱ्या महिन्यात कंटाळतो आणि उरलेला माल पडेल भावात काढतो. पण एक गोष्ट अजिबात करायची नाही: त्यातली वस्तू गुपचूप स्वतः घेऊन पुढे नफ्याने विकणं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१५ नुसार एजंटने मालकाची संमती न घेता, महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा मालकाचं नुकसान होईल असा व्यवहार स्वतःशीच केला, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. तुम्हाला एखादी सायकल खरंच आवडली तर बाहेरच्या माणसाकडून भाव काढा, सगळ्या वारसांना सांगा, मग घ्या.

ओळख पटवणं, म्हणजे खरी मेहनत

सायकलवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं कंपनीचं नाव पाहून भाव ठरत नाही. गिअर, ब्रेक, क्रँक, चेन हा जो संच असतो त्याला ग्रुपसेट म्हणतात, आणि किमतीतला मोठा फरक तिथे असतो. शिमानो कंपनीच्या रोड सायकलींच्या संचात खालून वर असा क्रम लागतो: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. नाव पुसलं असेल तर मागच्या डिरेलरवर आतल्या बाजूला कोड असतो. आर-७००० म्हणजे १०५, आर-८००० म्हणजे अल्टेग्रा, आर-९१०० म्हणजे ड्युरा-एस. मोबाईलचा टॉर्च लावा, फोटो काढा, वहीत लिहा. कपाटातल्या डब्यात "जुना गिअर" म्हणून पडलेली वस्तू कधीकधी बाहेर उभ्या असलेल्या अख्ख्या सायकलीपेक्षा महाग निघते.

सायकल उलटी केली की पेडलच्या अॅक्सलच्या नळीखाली बहुतेक वेळा फ्रेम नंबर सापडतो. तो टिपून ठेवा, पुढे लागणार आहे. मग साइझ. रोड सायकलच्या फ्रेमवर ५२, ५४, ५६ असे सेंटिमीटरचे आकडे असतात. साइझ न लिहिता जाहिरात टाकली तर दिवसभर तेच उत्तर देत बसाल. माझा अनुभव सांगतो, ५२-५४ पटकन जातात. ५६च्या वरच्या सायकलीला उंच गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबावं लागतं.

जुन्या लोखंडी सायकलींचा हिशोब वेगळाच. मामांकडे एक काळी इंग्लिश सायकल होती, तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चर हबची. या हबच्या डब्यावर बनवल्याचं साल कोरलेलं असतं. ५४ असेल तर १९५४. असा पुरावा गिऱ्हाइकाला दाखवता आला की घासाघीस निम्मी होते. अशी सायकल घासून, रंगवून चकाचक करू नका! मूळ रंग, पुढचा बिल्ला, ब्रूक्सची चामड्याची सीट, डायनॅमोचा दिवा, हे जसंच्या तसं असेल तर संग्राहक पैसे मोजतो. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची घडीची पॅराट्रूपर सायकलसुद्धा आहे. विकायच्या आधी एकदा जाऊन बघा. भंगार आणि संग्रह यात फरक कशाने पडतो ते तिथे डोळ्यांना कळतं.

खोट आपणच आधी शोधायची

चेन तपासायला महागडं हत्यार लागत नाही, दुकानातली स्टीलची पट्टी पुरते. चेनची पिन ते पिन अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे २४ अंतरं बरोबर १२ इंचात बसली पाहिजेत. तीच १२ आणि एक अष्टमांश इंच भरली तर चेन गेलीच, मागची दातेरी चक्रंही बहुतेक गेली. कार्बनच्या फ्रेमला नाण्याने हलके टिचक्या मारत जा. एखाद्या ठिकाणी आवाज बद्द आला तर तिथे शंका घ्या आणि जाणकार मेकॅनिकला दाखवा. अॅल्युमिनियमची सीटची दांडी लोखंडी फ्रेममध्ये वर्षानुवर्षं न हलवता राहिली की गंजून धरते. जोर लावून मोडू नका, जाहिरातीत तसं लिहा.

कार्बनला तडा असेल आणि तो लपवून सायकल विकली, तर ती कसारा घाटाच्या उतारावर कोणाच्या तरी अंगाखाली मोडू शकते. अशी फ्रेम विकायचीच नाही. वापरलेलं हेल्मेटसुद्धा विकू नका. ते एकदा आपटलेलं असेल तर आतलं नुकसान बाहेरून दिसत नाही. मामींकडची तीन हेल्मेट्स मी कापून फेकली, त्यातलं एक चांगलं महागाचं होतं.

अख्खी विकायची की सुटी?

साधा विचार करा. जुनी, मूळ भागांची लोखंडी सायकल अख्खीच विका, सोडली की तिची ओळखच जाते. फ्रेम चांगली असलेली आधुनिक सायकलही अख्खी. फ्रेम गेलेली असेल तेव्हा ग्रुपसेट, चाकं, हँडल वेगळं करा. सोडताना एवढं ध्यानात ठेवा की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. भरपूर लोक तिथे क्रँकचं वाटोळं करतात. आणि सगळा चांगला माल पहिल्या महिन्यात काढून टाकू नका. किरकोळ वस्तू, म्हणजे बाटलीचे स्टँड, पंप, ट्यूब, या मोठ्या सायकलीबरोबर जोडून द्या. नाहीतर शेवटी चाळीस फुटकळ वस्तू आणि शून्य गिऱ्हाईक, अशी अवस्था होते.

भाव

बीबीएला आम्हाला घसाऱ्याची सरळ रेषेची पद्धत शिकवली होती. दरवर्षी ठरावीक रक्कम वजा. सायकलचा बाजार ती रेषा मानत नाही. जुनं बिल समोर ठेवून "एवढ्याला घेतली होती" हे बोलणं तर सोडूनच द्या. आज तशी नवी केवढ्याला मिळते, ती वरची मर्यादा. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. म्हणजे कर धरून १,१२,००० ला मिळणारी सायकल, मूळ भाव तोच राहिला तर, १,०५,००० ला येते. जुन्या बिलावरून भाव लावणाऱ्याचा माल म्हणूनच पडून राहतो.

सायकल ग्रुपवर लोक मागतात तो भाव आणि खरंच विकलं जातं तो भाव यात अंतर असतं. "विकली" असं लिहिलेल्या पोस्ट शोधा आणि त्या माणसाला नम्रपणे विचारा. बरेच जण सांगतात. दोन मेकॅनिकना विचारा, पण त्यांनाच विकणार असल्याचं भासवू नका, नाहीतर ते भाव पाडूनच सांगतील.

गिऱ्हाईक, पैसे आणि कागद

मनमाडला एवढ्या महागड्या सायकलीला गिऱ्हाईक मिळणं अवघड, म्हणून माल नाशिकमध्येच ठेवला. रविवारी सकाळच्या पंचवटीने जायचं, तीन-चार जणांना ठरलेल्या वेळी बोलवायचं, संध्याकाळी परत. चालवून बघायला द्यायची तर आधी पूर्ण रक्कम खात्यात किंवा ओळखपत्र आणि त्याची गाडी आपल्याजवळ. यात कोणी रागावत नाही. रागावला तर तो गिऱ्हाईक नव्हता.

जाहिरातीच्या अॅपवर न बघताच "घेतो" म्हणणारा भेटेल. बहुतेक वेळा स्वतःला सैन्यातला सांगेल आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड पाठवेल. पैसे मिळवायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. हे मामींना मी चारदा सांगितलं, कारण जाहिरातीत त्यांचाही नंबर होता. फसगत झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा.

सायकलला मोटारसायकलसारखं आरसी बुक नसतं. पूर्वी नगरपालिकेचा बिल्ला असायचा, तोही गेला. त्यामुळे चोरीची तर नाही ना, ही भीती चांगल्या गिऱ्हाइकाला असतेच. फ्रेम नंबर, वर्णन, "जशी आहे तशी" ही अट, सांगितलेल्या खोटी, रक्कम, दोघांच्या सह्या असा एक पानी विक्रीपत्राचा कागद द्या. मूळ बिल असेल तर त्याची झेरॉक्स जोडा.

घरच्या माणसाने घरातली जुनी सायकल विकली तर तो धंदा होत नाही, त्यावर जीएसटीचा प्रश्न येत नाही. तुम्ही जुना माल स्वतः विकत घेऊन विकायला लागलात आणि तुमची नोंदणी असेल, तर खरेदीवर क्रेडिट घेतलेलं नसताना फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर कर भरण्याची सोय आहे. कमिशनवर विकत असाल तर बिल कोणाच्या नावाने निघतंय यावर सगळं बदलतं, म्हणून पहिल्याच व्यवहाराआधी सीएला विचारा.

दोन सायकली बाहेरगावी पाठवल्या. पेडल काढून, हँडल आडवं वळवून, हवा कमी करून, फ्रेमला फोम गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात. नव्या सायकलींची रिकामी खोकी सायकलच्या दुकानात मागितली तर मिळतात. पॅक करण्याआधी आणि नंतर व्हिडिओ काढून गिऱ्हाइकाला पाठवला. रेल्वे पार्सलने पाठवायचं तर खोक्यावर नाव आणि स्टेशन ठळक लिहा. घाईची वस्तू असेल तर खासगी ट्रान्सपोर्ट बरा.

पाच महिने लागले. दर महिन्याच्या पाच तारखेला मामींना आणि दोन्ही मुलांना एकाच वेळी व्हॉट्सअॅपवर हिशोब जायचा: काय गेलं, कितीला, खर्च काय, माझं कमिशन किती, काय उरलं. शेवटी डबाभर नट, केबलची टोकं आणि घासलेले ब्रेकचे रबर उरले. ते मामींना विचारून त्यांच्या गल्लीतल्या सायकलवाल्याला दिले, आणि हिशोबात त्यासमोर शून्य लिहिलं.